चिंचेने घासलेलं पितळ गुलाबी का पडतं?

महालक्ष्म्या जवळ आल्या की विदर्भातल्या गावोगावी माळ्यावरची पितळ खाली उतरते. गुंड (पाण्याची घागर), गंगाळ, परात, समया, वर्षभर जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेला मोठा गंज, म्हणजे पातेलं. सगळं काळवंडलेलं. मग चिंच भिजत पडते आणि परसात घासाघास सुरू होते. बहुतेक भांडी पिवळीधमक निघतात. एखादं मात्र लालसर, गुलाबी, तांब्याच्या वळणावर जातं, आणि अजून थोडा वेळ चिंचेत ठेवलं तर आणखीच लाल होतं. यापुढचं बोलणं ठरलेलं असतं : "कासारानं फसवलं वो बाई! तांब्याले पितळेचं पानी चढवून देल्लं."

नव्याण्णव वेळा कासाराने फसवलेलं नसतं. ज्या भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात तिथलं अस्सल भांडं आणून रात्रभर चिंचेत बुडवून ठेवा, तेही गुलाबी होईल. उलट मुलाम्याचं भांडं असतं तर कोपऱ्याकाठाला, जिथे हात जास्त लागतो तिथे, आधी रंग गेला असता. इथे रंग जातो तो आंबट पाणी जिथे साचून राहिलं तिथे, म्हणजे बुडाला, नक्षीच्या खाचांत आणि कडीच्या मुळाशी. दोष कुठे आहे ते एवढ्यावरून कळतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त एकत्र वितळवून केलेला मिश्रधातू. पत्र्याच्या भांड्यात साधारण ६० ते ७० टक्के तांबं असतं, बाकी जस्त. ओतीव कामात, म्हणजे समई, घंटा, नळाची तोटी यांत, थोडं शिसंही मिसळतात, कारण त्यामुळे कातकाम सोपं जातं. तांब्याचा लाल रंग जस्तामुळे पिवळा होतो. म्हणजे पितळेत लाल रंग मुळातच आहे, जस्ताने तो झाकलेला आहे. जस्त निघून गेलं की तो उघडा पडतो.

आता जस्तच का निघून जातं, तांबं का नाही? प्रत्येक धातूची पाण्यात विरघळायची तयारी वेगवेगळी असते आणि ती व्होल्टमध्ये मोजता येते. जस्ताचा आकडा उणे ०.७६, तांब्याचा अधिक ०.३४. उण्याकडे जितका जास्त, तितका तो धातू आम्लात जायला उतावळा. दोघांत १.१ व्होल्टचं अंतर आहे. शाळेच्या पुस्तकातला डॅनियलचा विद्युतघट याच जोडीवर चालतो : एका भांड्यात जस्त झिजतं, दुसऱ्यात तांब्यावर तांबं चढतं, आणि मधल्या तारेतून वीज वाहते. चिंचेत बुडवलेल्या गुंडात हाच खेळ चालतो, फक्त दोन्ही धातू एकाच पत्र्यात शेजारी शेजारी बसलेले असतात.

पण चिंच लावली की लगेच जस्त पळत नाही. आधी आम्लाला दुसरं काम असतं. भांड्यावरचा काळेपणा म्हणजे तांब्या-जस्ताचे ऑक्साइड, आणि चुलीच्या धुराजवळ किंवा कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवलं असेल तर गंधकामुळे झालेलं तांब्याचं सल्फाइड. यातले ऑक्साइड आम्लात चटकन विरघळतात. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक. अंबाडीचा पाला, कैरीची साल हीसुद्धा त्याच कामाची. मिनिट-दोन मिनिटांत काळा थर सुटतो आणि पिवळं पितळ दिसायला लागतं. काम इथे संपलेलं असतं. आपण मात्र "अजून थोडं उजळू दे" म्हणून भांडं तसंच बुडवून दुसऱ्या कामाला लागतो. काळा थर संपला की आम्लाची गाठ थेट धातूशी पडते, आणि धातूत सोपं सावज जस्त.

गुलाबी रंग यायचा हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता जास्त मजेशीर आहे आणि माझ्या मते घरात दिसणारा गुलाबीपणा बहुतेक त्यानेच येतो. काळा थर विरघळला म्हणजे त्यातलं तांबं कुठे गेलं? पाण्यात. पाच-सहा भांडी एकाच चिंचेच्या पाण्यात घासली की ते पाणी हिरवट-काळपट होतं, तो रंग विरघळलेल्या तांब्याचा. या पाण्यात पुढचं भांडं घातलं की त्याच्या पृष्ठभागावरचं जस्त विरघळतं आणि त्याच्या जागी पाण्यातलं तांबं येऊन बसतं. म्हणजे आधीच्या भांड्यांचं तांबं नंतरच्या भांड्यावर चढतं. सगळ्यात शेवटी घासलेलं भांडं सगळ्यात लाल असतं, ते यामुळे.

खोटं वाटत असेल तर एक लोखंडी खिळा घासून चकचकीत करा आणि त्या वापरलेल्या पाण्यात टाका. थोड्या वेळाने काढून बघा. खिळा बुडाला होता तिथपर्यंत तांबूस, वरचा भाग जसाच्या तसा, आणि मधे सरळ रेघ. बोटाने चोळलं तर तो रंग बोटाला लागतो. लोखंडाने पाण्यातलं तांबं ओढून घेतलं.

लोखंडाचा हा गुण आणखी एका ठिकाणी नडतो. चिंचेचं पाणी लोखंडी घमेल्यात केलं, किंवा तारेच्या घासणीने भांडं घासलं, की लोखंड आणि पितळ एकाच आंबट पाण्यात एकमेकांना टेकतात. लोखंड झिजायला लागतं आणि त्याच्या जोरावर पाण्यातलं तांबं नुसतं लोखंडावर नाही, शेजारच्या पितळेवरही चढतं. सोनाराला विचारा, दागिना उजळायच्या आम्लात तो लोखंडी चिमटा कधी घालणार नाही. लाकडी नाही तर तांब्याचा चिमटा वापरेल. म्हणून चिंचेचं पाणी प्लास्टिकच्या टबात किंवा मातीच्या भांड्यात करावं, आणि ते हिरवट दिसायला लागलं की फेकून नवं घ्यावं. चिंच काही एवढी महाग नाही.

तिसरं कारण थोडक्यात. काळ्या थराच्या खाली बहुधा तांब्याच्या दुसऱ्या ऑक्साइडचा लालसर थर असतो. आम्लात तो दुभंगतो : अर्धं तांबं पाण्यात जातं, अर्धं शुद्ध धातूच्या बारीक भुकटीसारखं जागेवरच राहतं. फार वर्षं काळं पडून राहिलेलं भांडं पहिल्याच घासणीला गुलाबी निघतं त्यामागे हे असतं.

हा गुलाबी थर केसाहूनही कितीतरी पातळ असतो, त्याखालचं पितळ शाबूत असतं. म्हणून तो घालवायला आणखी आंबट लावणं हा उलटा उपाय आहे. चोळून काढायचा : चाळलेली राख, रांगोळी, विटकरीचा बारीक चुरा किंवा दुकानात मिळणारी पितळेची पावडर, आणि ओलसर फडकं. मिनिटभरात पिवळा रंग परत येतो.

जुन्या बायका आधी चिंच आणि मग राख लावायच्या, तो क्रम अगदी बरोबर होता. चिंच काळा थर विरघळवते. राख खरबरीत असते, ती मागे राहिलेला गुलाबी थर खरडून काढते, आणि राख अल्कधर्मी असल्यामुळे खाचांत उरलेलं आम्लही मारते. एका मुठीत दोन कामं. आता घरात गॅस आला, चूल गेली, राख गेली आणि चिंच तेवढी उरली. गुलाबी भांड्यांच्या तक्रारी त्यामुळेच वाढल्या असाव्यात, असा माझा आपला अंदाज. राख नसेल तर शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, भरपूर साध्या पाण्याने खळबळा आणि लगेच कोरडं पुसा. नितळत ठेवलं की बोअरच्या पाण्याचे डाग पडतात ते वेगळंच.

लिंबाला मीठ लावून घासायची पद्धत जोरात चालते, कारण मिठातलं क्लोराइड तांब्याला पकडून पाण्यात ओढतं. पण मीठ खाचेत राहिलं तर चार दिवसांत तिथे हिरवे ठिपके येतात. आणि संडास साफ करायच्या ऍसिडने पितळ घासणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. भांडं क्षणात उजळतं, दुसऱ्या क्षणाला लाल होतं आणि वर बारीक खड्डे पडतात. त्याच मोरीत कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो जिवावर बेततो. देवाच्या मूर्तीला तर आंबट कमीच लावावं. पिढ्यान् पिढ्या दर सणाला घासलेल्या बाळकृष्णाचं नाक कुठे गेलं, हे आता वेगळं सांगायला नको.

बंदुकीच्या काडतुसाचं पितळ

गावाकडच्या गुंडाचा आणि बंदुकीच्या काडतुसाचा धातू जवळपास सख्खा भाऊ. रायफलच्या काडतुसाचं कवच, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे राहणारी पुंगळी, ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळेची असते. या प्रमाणातलं पितळ फार लवचीक. त्याची गोल चकती दाबत, ओढत, मधे मधे तापवून मऊ करत नळी करता येते. बार उडाला की पुंगळी फुगून बंदुकीच्या नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, मागे वायू येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आक्रसते म्हणून सहज बाहेर निघते. आपल्याकडे खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत काडतुसं तयार होतात. विदर्भात पुलगावला दारूगोळ्याचं मोठं कोठार आहे.

अमेरिकेसारख्या देशांत नेमबाजीचा छंद असलेले लोक वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून, धुऊन, पुन्हा भरतात. धुण्यासाठी बरेच जण लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, गरम पाण्यात घालतात. आणि आपल्या परसात जे होतं तेच तिथे होतं : पाणी जास्त तीव्र झालं, जास्त वेळ ठेवलं किंवा तेच पाणी पुन्हा वापरलं, की पिवळ्या पुंगळ्या गुलाबी होऊन निघतात. वरवरचा थर असेल तर तोही घासून जातो. पण इथे एक फरक आहे. गुंड लाल पडला तर फार तर पाहुण्यांपुढे वाईट दिसेल. रायफलच्या पुंगळीत बार उडताना हवेच्या दाबाच्या तीन-चार हजार पट दाब येतो आणि तिची भिंत तोंडाकडे जेमतेम पोस्टकार्डाएवढी जाड. तिथून जस्त खरोखर खोलवर निघून गेलं असेल तर ती पुंगळी भंगारातच जायला हवी. आपल्याकडे हा प्रश्न घरगुती पातळीवर येऊच नये, कारण बंदूक ठेवायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा तयार करायचा वेगळा. विनापरवाना काडतुसं बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे.

लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-जांभळट झाक दिसते, तिला मात्र कोणी डाग समजू नये. मान मऊ करण्यासाठी ती आचेवर तापवतात, त्याची ती खूण. पुसून टाकता येते, पण तापवण्याचं काम झालंय हे दिसावं म्हणून पुष्कळदा तशीच ठेवतात. हे तापवणं इतकं महत्त्वाचं का, याची गोष्ट आपल्याच देशातली आहे.

ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली जात. पावसाळा संपला की पेट्या उघडायच्या, तर कित्येक पुंगळ्यांना उभ्या चिरा. ना कोणी आपटल्या, ना कोणी बार काढला. ऋतू बदलला की तडे जातात एवढंच दिसायचं. उलगडा झाला १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांच्या अभ्यासातून. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया वायू सुटतो. पावसाळी दमटपणात तो पितळेवर बसतो आणि धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून आत शिरतो. एरवी नुसत्या अमोनियाने तडा जात नाही. पण पुंगळी ओढून-दाबून केलेली असते आणि तो ताण तिच्या अंगात अडकून राहिलेला असतो. सांधे कमजोर झाले की तो ताणच तिला चिरतो. उपाय साधा निघाला : तयार पुंगळी बेताच्या आचेवर तापवून आतला ताण सैल करायचा, आणि पितळ अमोनियापासून लांब ठेवायचं.

आता घोड्यांच्या जागी बैल धरा. गुंडही पत्रा ठोकून, दाबून घडवलेला असतो, ताण त्याच्याही अंगात असतो. जुनी पितळ पोत्यात भरून गोठ्याच्या आढ्याला टांगणं किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवणं ही शेतकऱ्याच्या घरातली नेहमीची सोय. गोमूत्रातला युरिया काय आणि खताच्या पोत्यातला काय, ओल आणि शेणातले जंतू मिळाले की त्याचा अमोनिया होतो. एखाद्या वर्षी गुंडाच्या मानेला, जिथे पत्रा सगळ्यात जास्त वळवलेला असतो तिथे, केसासारखी चीर दिसली तर पोरांवर ओरडण्याआधी गुंड कुठे ठेवला होता ते बघा. गुलाबी रंगापेक्षा या चिरेची काळजी जास्त करावी, कारण रंग चोळून जातो, चीर झाळूनच बुजवावी लागते.

खारपाणपट्ट्यातल्या तोट्या

आंबट न लावताही पितळ लाल पडतं, आणि तो प्रकार जास्त घातक. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार आणि क्लोराइड भरपूर. असं पाणी पितळेच्या तोटीत किंवा पंपाच्या जोडात साचून राहिलं की महिन्यां-महिन्यांनी जस्त आतून निघत जातं. तोटीचा आकार तसाच राहतो, आटेही दिसतात, पण आत वाळवी लागलेल्या मयालीसारखी, म्हणजे घराच्या तुळईसारखी, गत झालेली असते : तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. कधी बाहेरून पांढरा फेसासारखा थर जमतो, तो निघालेल्या जस्ताचा. मग एक दिवस प्लंबर पान्याने पिळतो आणि तोटी बिस्किटासारखा आवाज करत त्याच्या हातात येते.

शंका असेल तर कानशीने एक ओरखडा काढा. वरचा लाल थर जाऊन खाली लगेच पिवळं चमकलं, तर तो आंबटासारखा वरवरचा प्रकार. ओरखडा खोल गेला तरी लाल, मातकट, विटेच्या रंगाचाच राहिला आणि कणी सुटली, तर तो जोड बदलायचा. जिथे पाणी खारं आहे तिथे जस्त कमी असलेलं पितळ घ्यावं. जस्त १५ टक्क्यांच्या आत असेल तर हा रोग जवळपास लागत नाही. कारखान्यांत पाइपाच्या पितळेत शेकडा एक भागाच्याही कितीतरी खाली इतकं आर्सेनिक घालतात, त्यानेही जस्त धरून राहतं. गावच्या दुकानात हे विचारून उत्तर मिळेलच असं नाही. तिथे प्लास्टिकची तोटी बरी, दिसायला कशीही असो.

आतून लाल झालेला गंज चालतो का?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की आतून लाल असो की पिवळा, कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवूच नये. महालक्ष्म्यांची आंबील, कढी, अंबाडीची भाजी, चिंचगुळाची आमटी, सगळ्यांत तेच आम्ल आहे जे परसात भांडी उजळवत होतं. ताक पितळेत कळकतं ते याचमुळे. तांबं-जस्त ताकात उतरतं, चव बिघडते आणि जास्त झालं तर मळमळ, उलट्या होतात. पाणी भरून ठेवायला, भात शिजवायला हरकत नाही. आंबटाला मात्र कल्हई हवीच.

कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून भांडं भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवता येतं. नवसागरातूनही अमोनियाच सुटतो, मग त्याने भांडं चिरत कसं नाही? कारण संबंध येतो क्षणभराचा, त्यानंतर भांडं धुतलं जातं, आणि तापल्यामुळे पत्र्यातला ताणही थोडाफार सैल झालेला असतो. कल्हईवाला आधी स्वतःच आतली बाजू वाळूने आणि ऍसिडने साफ करतो, तेव्हाही ती गुलाबी निघते. त्याने काही अडत नाही, वितळलेलं कथील तांब्याला उत्तम धरतं. तेव्हा गंज कल्हईला द्यायचाच असेल तर आतला लाल रंग घालवत बसू नका. बाहेरून तेवढा घासा.